'स्मृतिचित्रां'तील आनंद

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथाची गोडी मराठी वाचकांस नव्याने सांगावयास हवी असे नाही. १९३४ पासून तो भागशः प्रसिद्ध होऊ लागला, आणि तेव्हापासून त्यातील घरगुती भाषेचे व निर्मळ विनोदाचे कौतुक होत आले आहे. वर्गात हा ग्रंथ शिकविताना आम्हीही पुष्कळ वर्षे तेच केले. आणि शेवटी, ख्रिस्ती श्रद्धेने ह्या बाईंच्या दुःखाचे सोने झाले, असा समारोप करून पुस्तक मिटीत आलो.

मिरकरवाड्यातून आमच्या वर्गास येणाऱ्या एका विद्यार्थिनीने हा समारोप एके दिवशी अडविला. ती म्हणाली, "सर, माझी आई पहाटे बंदरावर मासळी घ्यायला जाते आणि डोक्यावर पाटी घेऊन दारोदार विकते. तिच्या सोशिकपणाचं सगळे कौतुक करतात. दुःखानं माणूस मोठं होत असेल, तर दुःख देणाऱ्याचे उपकारच मानायचे का?" वर्ग हसला नाही, आम्हांसही त्या वेळी उत्तर सुचले नाही. त्या प्रश्नासाठी आम्ही ग्रंथ पुन्हा वाचला. त्या वाचनात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

संकटातून धीर येतो, धीराने शील कसास लागते आणि शीलातून आशा उपजते, असा क्रम पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लावून दिला आहे. ख्रिस्ती धर्मातील दुःखविचाराचे हे एक मूळ स्थान होय. परंतु ह्या वचनाचा वक्ता कोण, हे आपण विसरतो. तुरुंग, फटके, उपासमार ही पौलाने स्वतः भोगली होती. तो आपल्या संकटांविषयी बोलत आहे. शेजाऱ्याच्या पाठीवरील फटक्यांत त्याने आनंद मानलेला नाही. हेच वचन सुखवस्तू माणसाने पिडलेल्या माणसास ऐकविले, की त्याचा धर्म जातो व निर्दयपणा तेवढा उरतो.

ही कसोटी लक्ष्मीबाईंच्या ग्रंथास लावून पाहावी. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आमच्याच जिल्ह्यातील करजगावचे; जन्म १८६१ चा. त्यांची प्रतिभा थोर आणि अंतःकरण विशाल होते; पण स्वभाव लहरी व तापट होता. हाती आलेला पैसा ते दुसऱ्यास देऊन मोकळे होत, आणि चुलीची काळजी बायकोवर पडे. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि सोवळ्याओवळ्याच्या कडक घरात वाढलेल्या ह्या बाईच्या पायाखालची जमीनच सरकली. पुढे काही वर्षे पतीचा वियोग आणि लोकांच्या जिभा, दोन्ही तिने सोसली. हे दुःख देवाने माझ्या कल्याणासाठी धाडले, असे ती मोठ्या आवाजात म्हणत नाही. ती प्रसंग सांगते. नवऱ्याला हसते, आणि त्याहून अधिक स्वतःला हसते.

तिच्या आत्मिक वाढीचे खरे स्थळ आम्हांस उपासनामंदिरापेक्षा स्वयंपाकघरात दिसते. पतीकडे परतल्यावरही तिने आपले पाणी व आपली चूल वेगळी ठेविली होती. मग जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःशीच घातला, सृष्टीकडे पाहून त्याचे उत्तर काढले, आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला. १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला. पण वाचकाच्या मनावर तो विधी ठसत नाही, तो पाण्याचा पेला ठसतो. पूर्वीच्या आपल्या सोवळ्याचे वर्णन ती ज्या मोकळेपणाने करते, त्यात पश्चात्तापाचे रडगाणे नाही. मन मोकळे झाल्याची खूण तिचे हसणे होय. हा विनोद श्रद्धेवरील अलंकार नव्हे. ती श्रद्धाच त्या रूपाने बोलते, असे आमचे मत आहे.

आणखी एक गोष्ट. दुष्काळाने पोरकी झालेली मुले घरात येतात, प्लेगच्या छावणीत रोगी तळमळत असतात. तेथे ही बाई दुःखाचा महिमा गात बसत नाही. पोरांस जेवू घालते, रोग्यांची शुश्रूषा करते. स्वतःच्या दुःखास हसणे आणि दुसऱ्याच्या दुःखापुढे उठून कामास लागणे, हा भेद तिने कोठे शब्दांत मांडलेला नाही. पण तो सर्व ग्रंथात पाळलेला आहे. केडगावास मुक्तिसदन चालविणाऱ्या पंडिता रमाबाईंचा बाणा अधिक कठोर, त्यांच्या लेखणीला हसू थोडे. पण हा भेद त्यांच्याही चरित्रात तितकाच स्पष्ट दिसतो.

ग्रंथास उणीव नाही असे नव्हे. अंतर्मनातील प्रार्थनेचा इतिहास शोधणाऱ्यास येथे फारसे सापडणार नाही. शिवाय लक्ष्मीबाई टिळकांस इतक्या लवकर क्षमा करितात, की त्यांचा अन्याय वाचकाच्या नजरेआड होऊ पाहतो. क्षमा करण्याचा अधिकार त्यांचा होता. तो आपल्या हाती घेऊन, संसाराची ती ओढाताणही मंगलच होती, असे म्हणण्याचा अधिकार टीकाकारास नाही. आम्ही वर्गात इतकी वर्षे केलेली चूक हीच.

त्या मुलीस आम्ही पुढे सांगितले, की नाही, दुःख देणाऱ्याचे उपकार मानावयाचे नाहीत. आणि तुझ्या आईच्या कष्टांत आनंद आहे की नाही, हे तुझ्या आईवाचून कोणी सांगू नये. तिने थोडा विचार करून विचारले, "मग आम्ही काय करायचं?" आम्ही प्लेगच्या छावणीचे प्रकरण काढून तिच्यापुढे ठेविले. ती पुस्तक घरी घेऊन गेली. आईला वाचून दाखविणार आहे म्हणाली.