डाळिंबरसाची भुकटी : रंगाच्या कसोटीचा पुनर्विचार

सोलापूर येथे २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. ‘भगवा’ वाणाच्या दाण्यांचा गडद लाल रंग हे या पिकाचे भूषण होय. तथापि सालीवर डाग पडला, की आतील दाणे निर्दोष असूनही फळाचा भाव उतरतो. अशा फळाच्या रसाची भुकटी करण्याचा मार्ग म्हणूनच मोलाचा ठरतो. परंतु या विषयावरील लेखनात ‘रंग टिकला’ हे विधान ज्या सैलपणाने केले जाते, त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

स्प्रे-ड्रायरमध्ये रसाचे तुषार उष्ण हवेत सोडून सुकविले जातात. डाळिंबरसातील घन भाग मुख्यतः ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्करांचा. निर्जल ग्लुकोज सुमारे ३१ अंश सेल्सिअसला, तर फ्रुक्टोज सुमारे ५ अंशांनाच काचेसारखी घट्ट अवस्था सोडून मऊ होऊ लागते. साहजिकच निव्वळ रस यंत्राच्या भिंतींना चिकटतो. हा दोष टाळण्यासाठी माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात. ते रंगद्रव्याभोवती आवरणही निर्माण करते. मात्र त्याचा स्वतःचा रंग पांढरा असतो.

गफलत होते ती येथेच. रसातील घन भागाइतकेच माल्टोडेक्स्ट्रिन घातले, तर निम्मी भुकटी फळाची नसतेच. अशा वेळी अँथोसायनिनचे प्रमाण भुकटीच्या वजनावर काढले, की मूळ घन भागावर, हे स्पष्ट न करता दिलेली टक्केवारी निरर्थक होय. केवळ वर्णमापकावरील लालीही पुरेशी नाही. अँथोसायनिन तीव्र आम्लतेत लाल दिसते आणि आम्लता घटली की फिके पडते. म्हणजे रंगद्रव्य तेवढेच राहूनही रंग बदलू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यंत्रातील उष्णतेशी तुषारांचा संबंध काही सेकंदांचा. भुकटीची साठवण मात्र महिन्यांची. ओलावा, प्राणवायू, प्रकाश व उष्णता यांचे खरे आक्रमण साठवणीतच होते. पोषणमूल्य वाढावे म्हणून घातलेले ‘क’ जीवनसत्त्वसुद्धा अँथोसायनिनचा ऱ्हास त्वरेने घडवू शकते. गोठवून निर्वातात सुकविल्यास उष्णतेची हानी टळते. परंतु खर्च वाढतो आणि साठवणीचा प्रश्न सुटत नाही तो नाहीच.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर चढतो. शीतगृहात टिकलेली भुकटी येथील दुकानाच्या फळीवर टिकेलच, असे मानण्यास आधार नाही. म्हणून मूळ घन भागावर मोजलेले अँथोसायनिन, भुकटीतील ओलावा, वेष्टनाचा प्रकार आणि स्थानिक तापमानातील साठवणीचा काळ, या चारही गोष्टींची नोंद झाल्याखेरीज ‘टिकाऊ’ हे विशेषण वापरणे उचित नव्हे. प्रयोगशाळेतील घाईच्या निष्कर्षावर विसंबून उभारलेल्या उद्योगाचा तोटा अखेरीस बागाईतदाराच्याच माथी येईल.