इंग्रजीतील वचनमेळ आणि मराठी कान

‘कर्ता एकवचनी असेल तर क्रियापद एकवचनी, कर्ता अनेकवचनी असेल तर क्रियापद अनेकवचनी.’ मराठी मुलांसाठी लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणाच्या बहुतेक मार्गदर्शकांत हा नियम असा किंवा थोड्या फरकाने सापडतो. त्याखाली ‘ही, शी, इट आले की क्रियापदाला एस लावा’ अशी चौकट असते आणि मग अपवादांची यादी येते. जुन्या बाजारातून अशी पुस्तके जमवण्याचा मला बरीच वर्षे नाद आहे. मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही, जे काही शिकलो ते या पुस्तकांतून आणि त्यांच्यावर वाद घालणाऱ्या इतर पुस्तकांतून. ती शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावर माझे मत असे झाले आहे, की हा नियम चुकीचा नसला तरी मराठी मुलाला तो फारसा उपयोगी पडत नाही. मराठी बोलणाऱ्याचा कान वचनाचा मेळ कुठे शोधतो, याचा त्यात विचारच नाही.

आधी आपल्या घरात पाहू. ‘मुलगा आंबा खातो’, ‘मुलगी आंबा खाते’ इथे क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. पण ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने आंबे खाल्ले’, ‘मुलाने पोळी खाल्ली’ इथे कर्ता एकच असून क्रियापद तीनदा बदलले, कारण ते कर्माच्या मागे गेले. ‘मुलाने मांजराला मारले’ इथे ते कोणाच्याच मागे न जाता नपुंसकलिंगी एकवचनात थांबले. कर्तरी, कर्मणी आणि भावे ही नावे आपण शाळेत पाठ केली. त्यांच्यामागचे सूत्र साधे आहे. ज्या नामाला विभक्तीचा प्रत्यय लागलेला नाही त्याच्याकडे मराठी क्रियापद पाहते, अशी दोन नामे असतील तर कर्त्याला मान देते, आणि एकही नसेल तर तटस्थ राहते. (‘मी’, ‘तू’ यांसारख्या सर्वनामांची प्रथमा व तृतीया सारखीच दिसते, तेवढा अपवाद.) लिंग, वचन आणि पुरुष या तिन्हींचा हिशेब मराठी मूल शाळेत जाण्यापूर्वीच बिनचूक करू लागते.

त्यामानाने इंग्रजीचा मेळ अगदी तुटपुंजा आहे. ‘बी’ क्रियापदाची ॲम, इज, आर, वॉज, वेअर ही रूपे वगळली, तर उरतो तो साध्या वर्तमानकाळातील तृतीय पुरुषी एकवचनाचा एक एस. लिंगाचा प्रश्नच नाही. मग एवढा अवघड मेळ सहज साधणारे मूल या एका एसपाशी का अडखळते?

उत्तर चुकांमध्येच दडलेले आहे. ‘त्याला दोन भाऊ आहेत’ याचे इंग्रजी ‘ही हॅव टू ब्रदर्स’ असे केले जाते. मार्गदर्शक म्हणतो, मुलाला नियम आला नाही. मला वाटते, मुलाने नियम पाळला, पण मराठीचा. ‘आहेत’ हे अनेकवचन ‘भाऊ’ या नामाचे आहे, ‘त्याला’ हा शब्द विभक्ती लागून स्पर्धेतून बाद झालेला आहे. ‘त्याला आंबे आवडतात’ आणि ‘ही लाइक मँगोज’ यांचेही तसेच असावे. इंग्रजीत मात्र भाऊ कितीही असोत, क्रियापद ‘ही’शीच बांधलेले. तेव्हा शिकवायची गोष्ट अशी, की मराठीत क्रियापद नामाचे रूप पाहून धनी निवडते आणि इंग्रजीत वाक्यातली जागा पाहून. साध्या विधानात क्रियापदाच्या आधी कर्त्याच्या जागी जो बसला, तोच धनी.

दुसरी नेहमीची चूक ‘द लिस्ट ऑफ स्टुडंट्स आर’ ही. ‘विद्यार्थ्यांची यादी लागली आहे’ या वाक्यात मराठी कानाला शंका येत नाही. ‘विद्यार्थ्यांची’ या सामान्यरूपानेच तो शब्द दुय्यम असल्याचे जाहीर होते आणि मुख्य नाम ‘यादी’ शेवटी, क्रियापदाच्या जवळ येते. इंग्रजीत क्रम उलटा. मुख्य नाम आधी, विशेषण मागून, आणि क्रियापदाला खेटून उभा असतो तो ‘स्टुडंट्स’, अंगावर दुय्यमपणाची कोणतीही खूण नसलेला. ही चूक जन्माने इंग्रजी बोलणारेही करतात. शिवाय जवळच्या नामाकडे झुकणे आपल्याकडे सर्रास चालते. ‘वही आणि पुस्तक हरवले’ पण ‘पुस्तक आणि वही हरवली’. ‘आयदर–ऑर’च्या रचनेत जवळच्या नामाप्रमाणे क्रियापद ठेवण्याचा इंग्रजी नियम याच जातीचा आहे. तो अपवाद म्हणून पाठ करायला लावण्यापेक्षा ही ओळख दाखवली तर लगेच कळेल.

आता त्या एसकडे. ‘नामाला एस लागला की अनेकवचन, क्रियापदाला लागला की एकवचन’ हे वाक्य मुलांना कोड्यात टाकते. वास्तविक हे दोन एस वेगवेगळ्या घरांतले आहेत. प्राचीन इंग्रजीत प्रत्येक पुरुषासाठी क्रियापदाला वेगळा प्रत्यय होता आणि तृतीय पुरुषी एकवचनाचा ‘एथ’ होता. उत्तर इंग्लंडातील बोलींचा एस हळूहळू दक्षिणेकडे उतरला आणि सतराव्या शतकात त्याने लिखाणातूनही ‘एथ’ला बहुतांशी हटवले. बाकीचे प्रत्यय झिजून गेले, हा एक उरला. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ यांना एस लागत नाही, कारण मुळात ती भूतकाळी घडणीची रूपे वर्तमानकाळी अर्थाने वापरात आली आणि त्या घडणीत हा प्रत्यय नव्हताच.

तो एस इंग्लंडातही सर्वत्र पोहोचला नाही. पूर्व इंग्लंडातील नॉरिच शहराच्या बोलीचा अभ्यास पीटर ट्रडगिल यांनी १९७४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यात सहज बोलण्यात एस गाळण्याचे प्रमाण मध्यमवर्गाच्या वरच्या थरात शून्य टक्के, तर कामगारवर्गाच्या सर्वांत खालच्या थरात ९७ टक्के आढळले. म्हणजे ज्या ‘ही गो’ बद्दल आपल्या मुलाची वही लाल होते, ते एका इंग्रजी शहरात पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले आहे. यातून परीक्षेत ‘ही गो’ लिहावे असा अर्थ मी काढत नाही. प्रमाण इंग्रजी शिकायचीच आहे. पण एस न लावणे हा बुद्धीचा दोष नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

मग हा मेळ तर्कशास्त्राचा नियम असल्यासारखा कधीपासून शिकवला जाऊ लागला? शालेय इंग्रजी व्याकरणाला वळण देणारी दोन मोठी नावे म्हणजे रॉबर्ट लाउथ (१७६२) आणि लिंडली मरे (१७९५). लाउथ यांनी एकाच माणसाला उद्देशून ‘यू वॉज’ म्हणणे हा मोठा दोष ठरवला, तेव्हा ते सुशिक्षितांच्या लिखाणातही आढळत होते. खरे तर ‘यू’ हे अनेकवचन होते आणि एकवचन ‘दाऊ’. आदरार्थी म्हणून ‘यू’ एका माणसालाही वापरले जाऊ लागले आणि शेवटी ‘दाऊ’ला त्याने घराबाहेर काढले. आदर विरून गेला, क्रियापद मात्र अनेकवचनीच राहिले. ‘बाबा आले’, ‘सर आले’ म्हणणाऱ्या मराठी मुलाला हे कोणी सांगितले, तर एका माणसासाठी ‘यू आर’ का, हे विचारावेच लागणार नाही. आणि ‘माय फादर आर’ का चालत नाही, हेही त्याच बैठकीत सांगता येईल. इंग्रजीने हा आदर सर्वनामापुरताच ठेवला, नामापर्यंत नेला नाही.

समूहवाचक नामांत तर वचन मोजण्यावर अवलंबून नाहीच. क्रिकेटचे ब्रिटिश समालोचक ‘इंग्लंड आर’ म्हणतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे अकरा माणसे असतात. अमेरिकन बातमीदार अशा ठिकाणी सहसा ‘इज’ लिहितो. त्याच अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत देशद्रोहाच्या कलमात ‘युनायटेड स्टेट्स’साठी अनेकवचनी सर्वनाम आहे, आणि आज ते नाव एकवचनी चालते. नाव तेच, त्याच्याकडे पाहण्याची रीत बदलली.

आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये आले. त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप आहे. १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिताना आधीच्या वैयाकरणांची कसून तपासणी केली आणि प्रयोगविचाराला भरपूर जागा दिली. म्हणजे इंग्रजीच्या चष्म्यातून मराठी पाहणे आणि तो चष्मा तपासणे, दोन्ही आपण केले. मराठीच्या बाजूने इंग्रजीकडे पाहण्याचे काम मात्र शाळेपर्यंत पोहोचले नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत निदान मराठी आणि इंग्रजी वाक्ये शेजारी उभी राहत. नंतरच्या मार्गदर्शकांनी तो शेजार मोडला आणि चौकटी ठेवल्या.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. खेड्यातल्या मुलाची इंग्रजीशी पहिली झटापट बहुधा याच एसवरून होते आणि ‘मला जमत नाही’ हा समज तिथूनच रुजतो. माझी मागणी मोठी नाही. प्रयोगाचा धडा मराठीच्या तासाला आणि एसचा धडा इंग्रजीच्या तासाला, अशी फारकत करू नये. ‘त्याला दोन भाऊ आहेत’ आणि ‘ही हॅज टू ब्रदर्स’ ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येकात क्रियापद कोणाकडे पाहते, ते मुलांनाच बाण काढून दाखवायला सांगावे. याला नवे पाठ्यपुस्तक लागत नाही. खडू आणि दहा मिनिटे पुरतात.