पालक, लोह आणि एक दशांशचिन्ह : रेकडालचा लेख कसा वाचावा

‘पालकात लोह भरपूर असतं’ हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलायत. आणि विज्ञान शाखेत आल्यावर कोणीतरी, बहुतेक कॅन्टीनमध्ये चहा पिताना, त्याच्यावरचा उतारासुद्धा सांगितला असेल : ‘अरे, ते सगळं खोटं आहे. एका जर्मन शास्त्रज्ञाने दशांशचिन्ह एक घर चुकीचं टाकलं, ३.५ चं ३५ झालं, आणि तेव्हापासून जग पालक खातंय.’ ऐकायला मस्त वाटतं. आपणही पुढे दोन जणांना सांगतो. त्यात काही गैर नाही. चहाबरोबर सांगायच्या गोष्टी अशाच असतात.

आज ज्या लेखाबद्दल लिहितेय, तो याच गोष्टीवर आहे. नॉर्वेतल्या बर्गनचे सामाजिक मानवशास्त्रज्ञ ओले ब्यॉर्न रेकडाल यांचा ‘अकॅडेमिक अर्बन लेजंड्स’ हा लेख ‘सोशल स्टडीज ऑफ सायन्स’ या जर्नलमध्ये २०१४ साली आला. पेटची तयारी करणाऱ्या किंवा पहिला लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलेल्या प्रत्येकाला ‘हा वाच’ म्हणून सांगितला जातो. मीही सांगते. पण हल्ली त्याच्याबद्दलचं माझं मत थोडं बदललंय. लेख उत्तम आहे, मात्र ज्या कारणासाठी तो वाचायला देतात त्याच ठिकाणी तो थोडा कच्चा आहे, असं मला वाटतं.

आधी लेखात काय आहे ते. १९९५ साली के. सुने लार्सन यांचा एक छोटा लेख ‘जर्नल ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. विषय होता, चुकीच्या संदर्भांमुळे खोटी माहिती कशी पसरते. त्यात उदाहरण म्हणून पालकाची आणि सरकलेल्या दशांशचिन्हाची गोष्ट आहे, आणि आधार म्हणून टेरेन्स हॅम्ब्लिन यांच्या १९८१ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या लेखाचा संदर्भ आहे. हॅम्ब्लिन रक्तविकारतज्ज्ञ होते, म्हणजे लोहाबद्दल बोलायला अगदी योग्य माणूस. त्यांच्या लेखाचं नाव ‘फेक!’, विषय विज्ञानातली बनवाबनवी. आता गंमत बघा. हॅम्ब्लिन यांनी पालकाच्या गोष्टीला कुठलाच संदर्भ दिलेला नाही. १९३० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी पुन्हा मोजलं आणि लोह एक दशांशच निघालं, एवढंच ते सांगतात. कोणी मोजलं, कुठे छापलं, काही नाही.

हे प्रथम नीट उकरून काढलं नॉटिंगहॅमचे गुन्हेशास्त्रज्ञ माइक सटन यांनी, २०१० मध्ये. त्यांनी हॅम्ब्लिन यांनाच पत्र पाठवून विचारलं. हॅम्ब्लिन यांना मूळ स्रोत सांगता आला नाही. सटन यांनी पोपायच्या जुन्या चित्रपट्ट्याही तपासल्या. एल्झी सीगरचा पोपाय पालक खातो म्हणजे लोहासाठीच, असं आपण धरून चालतो. पण १९३२ च्या एका पट्टीत तो स्वतःच कारण सांगतो, आणि ते कारण आहे अ जीवनसत्त्व. लोहाचा तिथे पत्ताच नाही.

तर सर्वत्र पसरलेल्या एका चुकीचं खंडन करणारी गोष्ट स्वतःच बिनबुडाची निघाली. आणि ती पसरवणारे कोण, तर ‘संदर्भ नीट तपासा’ असं लिहिणारे लोक. रेकडाल ही साखळी एकेक कडी उलगडत दाखवतात आणि ते काम फार सुरेख झालंय. प्रत्येक लेखक वरच्या लेखकाकडे बोट दाखवतो, आणि सगळ्यात वर कोणीच नाही.

आता माझी पहिली तक्रार, आणि ती साधी आहे. या लेखाचा अॅबस्ट्रॅक्ट वाचा. त्यात म्हटलंय की लेखक एक विलक्षण प्रकरण उदाहरणादाखल घेणार आहे, ज्यात दशांशचिन्हाच्या चुकीमुळे लाखो लोकांचा पालक हा लोहाचा चांगला स्रोत असल्याचा गैरसमज झाला, असं दिसतं. थांबा. फक्त एवढंच वाचून जो पुढे गेला, तो काय घेऊन गेला? तीच दंतकथा! आतला लेख जिची पिसं काढतो, ती अॅबस्ट्रॅक्टमध्ये जवळपास वस्तुस्थिती म्हणून उभी आहे. ‘असं दिसतं’ एवढ्या दोन शब्दांवर सगळा भार.

हा मुद्दाम लावलेला सापळा आहे, असं माझं मत आहे. फक्त अॅबस्ट्रॅक्ट वाचून संदर्भ देणाऱ्यांना पकडण्यासाठी. तुम्ही म्हणाल, मग बरंच आहे की, आळशांना धडा. मला ते तितकंसं पटत नाही. अॅबस्ट्रॅक्ट ही वाचकाशी केलेली खेळी नसते. सिनॉप्सिससाठी दीडशे पेपर चाळणारी, लायब्ररीचं सबस्क्रिप्शन नसलेल्या कॉलेजातली मुलगी अॅबस्ट्रॅक्टवरच ठरवते की हा पेपर मिळवण्यासाठी धडपड करायची की नाही. तिला चकवून लेखकाचा मुद्दा सिद्ध होत असेल, तर एक चुकीची गोष्टही त्याच वेळी आणखी एका वहीत जाते.

दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची. असं का होतं, याचं नेहमीचं स्पष्टीकरण रेकडाल मांडतात : लेखकांचा आळस, निष्काळजीपणा, कधी सरळ लबाडी, आणि रिव्ह्यूअरांचं दुर्लक्ष. लेख संपतो तेव्हा वाचकाच्या मनात तेच राहतं. ‘आळस करू नका, मूळ स्रोत वाचा.’ सेमिनारमध्ये सरही तेच सांगतात.

पण लार्सन आळशी होते असं म्हणवत नाही. ते तर याच विषयावर लिहीत होते. हॅम्ब्लिन यांचाही लेख उघडून बघा. तो डिसेंबरचा, ख्रिसमसचा अंक आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या या अंकात दरवर्षी हलकंफुलकं लेखन असतं, आपल्या दिवाळी अंकातल्या विनोदी लेखांसारखं म्हणा. हॅम्ब्लिन तिथे गप्पा मारल्यासारखं लिहितायत. एकामागून एक किस्से, आणि त्यात एक पालकाचा. ज्याने तो अंक हातात घेऊन वाचला, त्याला आवाजावरूनच कळलं असेल की कुठल्या वाक्यावर किती भार द्यायचा.

चहाच्या टेबलावर आपण हेच करतो. कोणी म्हणालं, ‘माणूस मेंदूचा दहाच टक्के वापरतो म्हणे’, तर त्या ‘म्हणे’मध्ये सगळं असतं. बोलणारा जामीन राहत नाहीये, फक्त पुढे सरकवतोय. मराठीत त्यासाठी आपल्याकडे अक्षरशः एक शब्द आहे! पण हेच वाक्य पेपरमध्ये जाऊन त्याच्या शेपटीला चौकटी कंसातला १२ चिकटला की ‘म्हणे’ गळून पडतो. संदर्भाच्या आकड्याला आवाज नसतो. तीन वर्षं प्रयोगशाळेत घासून काढलेला निष्कर्षही १२, आणि ख्रिसमसच्या अंकातला किस्साही १२. मला वाटतं खरा बिघाड इथे आहे, आणि रेकडाल त्याच्या अगदी जवळून जातात पण त्यावर थांबत नाहीत. गप्पा मारणाऱ्याचा गुन्हा नाही. गप्पांचा सूर पुसून टाकणारी जी पद्धत आपण वापरतो, तिच्याकडे बघायला हवं.

आणि एक. हॅम्ब्लिन यांच्याही आधी ही गोष्ट फिरत होती. आहारतज्ज्ञ अर्नोल्ड बेंडर यांनी १९७७ साली ‘स्पेक्टेटर’ या ब्रिटिश साप्ताहिकाला एक पत्र लिहिलं. त्यात १८७० सालचे फॉन वोल्फ आहेत, १९३७ मध्ये पुन्हा मोजणारे प्राध्यापक शुपान आहेत, आणि पालकाची कीर्ती दशांशचिन्हामुळे झाली असावी, असा अंदाज आहे. नुसता अंदाज. वाचकांच्या पत्रव्यवहारातला. पुढच्या माणसांच्या हातात ‘असावी’चं ‘होती’ झालं. २०१२ मध्ये सॅम्युएल आर्ब्समन यांच्या ‘द हाफ-लाइफ ऑफ फॅक्ट्स’ या पुस्तकातही ही दशांशचिन्हाची गोष्ट आलीच. पुस्तकाचा विषय, तथ्यं कालांतराने कशी शिळी होतात! सटन यांचा लेख येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणून नाही, पण मी रसायनशास्त्रवाली असल्याने मला खुपते. रेकडालच्या लेखाचा सगळा भर संदर्भांच्या प्रवासावर आहे. पानाच्या आत काय आहे, तिथे तो फारसा जात नाही. त्यामुळे वाचून झाल्यावर पालकात लोह आहे की नाही, असं एखाद्याला विचारलं तर तो गडबडतो. ‘दशांशचिन्ह चुकल्याचा पुरावा नाही’ हे एक वाक्य झालं, ‘जुने आकडे बरोबर होते’ हे वेगळं. पहिल्यातून दुसरं निघत नाही.

माझं रोजचं काम झाडपाल्यातले धातू मोजण्याचं आहे, म्हणून थोडं सांगते. ताज्या १०० ग्रॅम पालकात साधारण ३ मिलिग्रॅम लोह असतं. अमेरिकन तक्ते बघा किंवा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते बघा, आकडा याच आसपास. पण ताज्या पालकात ९१ टक्क्यांच्या वर पाणी आहे. आम्ही पान ओव्हनमध्ये वाळवतो, मग राख करतो, ती आम्लात विरघळवतो आणि मोजतो. १०० ग्रॅम पाल्यातून वाळल्यावर उरतात जेमतेम ९ ग्रॅम. म्हणजे तेच लोह वाळलेल्या १०० ग्रॅमला भागलं तर ३० च्या वर जातं. दहापट! दशांशचिन्ह कोणीही हलवलेलं नाही, फक्त ‘वाळलेल्या वजनावर’ हे दोन शब्द तक्त्यातून गळले की झालं.

शिवाय माती. पालकाच्या देठांशी आणि चुरगळलेल्या पानांत ती अडकते, आईने तीन पाण्यांतून काढूनही. आपल्याकडच्या बेसॉल्टवरच्या मातीत लोह वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास धरलं, तर १०० ग्रॅम पालकाला चिकटलेली ०.१ ग्रॅम माती ५ मिलिग्रॅम लोह दाखवते. पानाच्या स्वतःच्या लोहापेक्षा जास्त. एकोणिसाव्या शतकात नक्की यातलं काय घडलं, हे मी सांगत नाहीये. एवढंच म्हणतेय की दहापटीची चूक व्हायला टंकलेखनिकाची गरज नाही, तिचे रस्ते रोजच्या कामात पडलेले आहेत. पण ‘वजनाचा आधार लिहायचा राहिला’ ही गोष्ट चहाबरोबर कोण सांगणार? दशांशचिन्ह सांगायला सोपं. इवलासा ठिपका, आणि सगळं जग फसलं!

आणि हे सगळं नुसतं मजेपुरतं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. होस्टेलवर हिमोग्लोबिन ९ आलेल्या मुलीला एक मैत्रीण सांगते ‘पालक खा, भरून येईल’. दुसरी, जी जास्त वाचलेली आहे, ती सांगते ‘पालकात काही नसतं गं, दशांशाची चूक होती ती’. पहिलीचं ऐकून ती डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बाजूला ठेवते, दुसरीचं ऐकून पानातली भाजी. दोघींच्या बोलण्यात ‘म्हणे’ नाही. प्रत्यक्षात पालकात इतर पालेभाज्यांइतकं लोह आहे, पण वनस्पतींमधलं लोह शरीर कमीच शोषतं. वर लिंबू पिळलं तर जरा जास्त, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. गोळीचं काम ती भाजी करत नाही. पण हे एका दमात सांगून टाळी मिळत नाही.

मग हा लेख वाचायचा की नाही? वाचाच. फक्त क्रम बदला. आधी हॅम्ब्लिन यांचा ‘फेक!’ वाचा, अंकाची तारीख बघून. मग लार्सन यांचं छोटं टिपण. मग रेकडाल, आणि त्यांचा अॅबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी. त्या अॅबस्ट्रॅक्टमधलं ‘असं दिसतं’ तेव्हा कसं वाटतं ते बघा. आणि स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये एखादा चमकदार किस्सा प्रस्तावनेत टाकायचा मोह झालाच, तर टाका की. फक्त तो किस्सा म्हणूनच टाका, ‘असं सांगितलं जातं’ म्हणून, आणि त्याच्या शेपटीला आकडा लावू नका. गाईड खोडतील कदाचित. माझ्या एका मैत्रिणीच्या गाईडांनी खोडलं, शेजारी लाल पेनाने लिहिलं ‘संदर्भ?’, आणि तिने दुसऱ्या दिवशी शोधून एक लावला.

पुढच्या वेळी रोजच्या आठ ग्लास पाण्याबद्दल. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न आणि पोषण मंडळाने अडीच लिटरचा आकडा दिला, आणि यातलं बरंचसं पाणी जेवणातूनच मिळतं असंही लगेच सांगितलं. तो भाग वाटेत कुठे सांडला, ते बघू.