भागाकारात लपलेले पाणी
भांडवल बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरणाचा तक्ता भरणे बंधनकारक केले, हे चांगलेच झाले. पण त्यातील एका आकड्याने वाचक सहज फसतो, असे आम्हांस वाटते. तो म्हणजे उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे वापरलेले पाणी. समजा, एका कारखान्याने यंदाही १०० टँकर पाणी वापरून तेवढाच माल काढला. फक्त भाव वाढवल्याने उलाढाल १०० कोटींवरून १२५ कोटींवर गेली. कोटीमागे पाणी १ टँकरवरून ०.८ झाले! नदीतला उपसा मात्र थेंबानेही घटला नाही. एकूण वापराचा आकडा त्याच तक्त्यात असतो. विद्यार्थ्यांना आधी तो शोधायला लावू या, भागाकार नंतर.