फोटोत न दिसणारं धुराडं

विमानवाहू नौकांच्या इतिहासावरचं कुठलंही पुस्तक उघडा, व्हिडिओ लावा, एक फोटो भेटतोच. 1917 साल, स्कॉटलंडच्या उत्तरेचा स्कापा फ्लो. सॉपविथ पप नावाचं लाकडी सांगाड्याचं, कापड ताणलेलं विमान डेकच्या जेमतेम वर आहे आणि नौदलाचे अधिकारी हात उंचावून त्याला पकडायला धावतायत. खालची ओळही ठरलेली: चालत्या जहाजावर विमान उतरवण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न. तारीख 2 ऑगस्ट, वैमानिक एडविन डनिंग, जहाज ‘एचएमएस फ्युरियस’.

ओळ खरी आहे. माझी तक्रार अशी की ती वाचून आपल्याला डनिंगचं धाडस दिसतं आणि साधा प्रश्न सुचत नाही. विमान हातांनी का पकडावं लागत होतं?

उत्तर फोटोत नाही, जहाजाच्या नकाशात आहे. फ्युरियस मुळात वेगवान युद्धनौका म्हणून बांधली जात होती. पुढे एक आणि मागे एक अशा दोन 18 इंची तोफा तिला बसायच्या होत्या. बांधकाम संपत आलेलं असताना पुढची तोफ रद्द झाली आणि तिच्या जागी विमानं उडवायला डेक आला. मागची तोफ राहिली. मधला ब्रिज, डोलकाठी, धुराडं हेही जागच्या जागी. म्हणजे विमान उडवायची सोय झाली, उतरवायची नाही. उडालेल्याने जमीन गाठायची, नाहीतर सरळ समुद्रात उतरायचं.

डनिंग जहाजाच्या कडेने पुढे आला आणि ब्रिज ओलांडून तिरका सरकत पुढच्या डेकवर पोचला. जहाजाचा वेग 26 नॉट, समोरून वारा 21 नॉट. बेरीज 47, आणि पप साधारण त्याच वेगाने उतरायचं. त्यामुळे डेकवरून बघणाऱ्याला विमान जवळजवळ थांबलेलं दिसत होतं. विमानाला ब्रेक नाहीत, डेकवर अडवणाऱ्या तारा नाहीत. धावणारी माणसं हीच ती यंत्रणा. पाच दिवसांनी, 7 ऑगस्टला, त्याने पुन्हा प्रयत्न केला. विमान उजव्या कडेवरून पाण्यात गेलं आणि डनिंग बुडाला. वय 25.

नौदलाच्या वरिष्ठांना मूर्ख ठरवणं आज सोपं आहे. पण वर्षभरापूर्वीच जटलंडची मोठी लढाई तोफांनी लढली गेली होती आणि विमान हा तेव्हा टेहळणीचा नाजूक खेळ होता. तोफ ठेवण्यामागे तर्क होता. मला खटकतो तो पुढचा निर्णय. डनिंगच्या मृत्यूनंतर मागची तोफ काढून तिथे उतरण्यासाठी दुसरा डेक बांधला, पण मधला ब्रिज आणि धुराडं तसंच! मागून येणाऱ्या विमानाला आता नेमकी धुराड्यामागची गरम, घुसळलेली हवा मिळू लागली. बहुतेक प्रयत्न अपघातात संपले. धुराड्यापुढे दोरांचा पडदा टांगावा लागला, विमान आदळू नये म्हणून.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, हा प्रकार ओळखीचा वाटतो. जुनी सिस्टिम बंद करायची हिंमत नसते, म्हणून नवी तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवायची. आमच्याकडे फार तर सर्व्हर बसतो.

19 जुलै 1918 ला याच फ्युरियसवरून सात सॉपविथ कॅमल विमानं जर्मनांच्या टोंडर्न तळावर गेली आणि एल-54 व एल-60 ही दोन झेपलिन जाळून आली. पुस्तकांत हा विजय आहे, आणि तो होताच. पण एकही विमान डेकवर परत उतरलं नाही. काही वैमानिक तटस्थ डेन्मार्कमध्ये उतरले, काही आपल्या जहाजांजवळ पाण्यात, एक बुडाला. उतरायला बांधलेला डेक असताना!

मग सगळीच रूपांतरं वाईट का? नाही. 1922 च्या वॉशिंग्टन करारामुळे मोठ्या युद्धनौकांवर मर्यादा आली, तेव्हा अमेरिकेने अर्धवट बांधलेल्या लेक्सिंग्टन आणि साराटोगाच्या विमानवाहू नौका केल्या. मूळच्या लढाऊ सांगाड्यामुळे त्यांना जो वेग मिळाला तो पुढे फार उपयोगी पडला. तरी त्यांच्यावरही आठ-आठ इंची आठ तोफा चढल्याच, आणि 1942 मध्ये उतरवल्या गेल्या. जपानच्या ‘आकागी’वर तर एकावर एक तीन डेक होते. विमानं जड झाली तशी खालची दोन आखूड डेकं निरुपयोगी ठरली, आणि 1930 च्या दशकात जहाज पुन्हा उघडून एकच लांब डेक केला.

कुणी ‘ग्लोरियस’चं उदाहरण देईल. फ्युरियसची ही बहीणही पूर्ण विमानवाहू केली होती. जून 1940 मध्ये शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाउ या जर्मन नौकांनी तिला तोफांनी बुडवलं. मोठ्या तोफा असत्या तर? मला हे पटत नाही. त्या दिवशी तिचं एकही विमान टेहळणीला आकाशात नव्हतं. तिच्याकडे जे होतं तेच वापरलं गेलं नाही.

फ्युरियसचा मधला भाग अखेर पाडला तो 1920 च्या दशकात. 1925 मध्ये ती परतली तेव्हा वर नुसता सपाट डेक होता. धूर आतल्या नळ्यांमधून थेट मागे सोडलेला. ही नौका दुसरं महायुद्ध पार करून 1948 मध्ये भंगारात गेली.

आपली ‘आयएनएस विक्रमादित्य’ याच वंशातली. सोव्हिएत काळात ती पुढे क्षेपणास्त्रं, मागे विमानं अशी अर्धी-अर्धी होती, फ्युरियसचीच उलटी आवृत्ती. रशियातल्या सेवमाश गोदीत पुढची क्षेपणास्त्रं काढून तिथे उताराचा स्की-जंप बसवला. 2004 मध्ये ठरलेली किंमत दुपटीहून वर गेली, 2008 ची नौका 2013 मध्ये मिळाली, आणि आपल्याकडे त्यावर भरपूर टीका झाली. टीका रास्त होती. पण ती खर्चाच्या आणि तारखांच्या आकड्यांवरच अडकली. पुढचा अर्धा भाग रिकामा करायला काय काय उखडावं लागलं, हे फारसं कुणी लिहिलं नाही.