विज्ञानधोरणाचे संशोधन आणि माहितीची सामाईक सेवा : एक परामर्श

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १४ जानेवारी २०२१ रोजी आपल्या दोन दिल्लीस्थित संस्था एकत्र केल्या. विज्ञानसंचार व माहितीस्रोत यांचे काम पाहणारी ‘निस्केअर’ आणि विज्ञान, तंत्रज्ञान व विकास यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणारी ‘निस्टॅड्स’ यांतून राष्ट्रीय विज्ञान संचार व धोरण संशोधन संस्था अस्तित्वात आली. या विलीनीकरणामागे काटकसरीचा विचार किती होता व तत्त्वाचा किती, याच्या खोलात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु हेतू कोणताही असो, त्यांतून एक यथार्थ तत्त्व नकळत मान्य झाले, असे म्हणावे लागते. ते तत्त्व असे की, देशात कोणते संशोधन होते, ते कोण करतो व ते कोणाच्या उपयोगी पडते, याची विश्वसनीय नोंद जेथे ठेवली जाते, तेथेच विज्ञानधोरणाचे संशोधन उभे राहू शकते. या तत्त्वाचा मान गेल्या सत्तर वर्षांत कितपत राखला गेला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

आरंभ निःसंशय चांगला होता. १९५२ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने भारतीय राष्ट्रीय विज्ञान प्रलेखन केंद्र, म्हणजेच ‘इन्सडॉक’, स्थापन झाले. परदेशी नियतकालिक मागविण्याची ऐपत नसलेल्या संशोधकास हव्या त्या लेखाची छायाप्रत पुरवावी, रशियन, जर्मन, जपानी लेखांची भाषांतरे करून द्यावीत, कोणत्या ग्रंथालयात कोणते नियतकालिक आहे याची संघसूची करावी, अशी त्याची कामे होती. १९६५ पासून या केंद्राने भारतीय विज्ञानसाहित्याच्या गोषवाऱ्यांचे नियतकालिक सुरू केले. बाहेरचे ज्ञान आत आणणे आणि घरातल्या ज्ञानाची नोंद ठेवणे ही दोन्ही कर्तव्ये एकाच संस्थेने अंगावर घेतली होती, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास हवी.

मात्र या कार्याचे महत्त्व धोरणकर्त्यांच्या दृष्टीस कितपत पडले होते, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. ४ मार्च १९५८ चा विज्ञानधोरणविषयक ठराव हा आपल्या प्रजासत्ताकाच्या इतिहासातील एक उदात्त लेख आहे. त्याची भाषा आजही मनाला स्पर्श करते. पण त्यातील सहा उद्दिष्टे बारकाईने वाचली असता असे दिसते की, ज्ञानाच्या संपादनाचा व प्रसाराचा उल्लेख येतो तो व्यक्तिगत उपक्रमशीलतेस उत्तेजन देण्याच्या संदर्भात. विद्यापीठीय स्वातंत्र्याच्या दृष्टीने ही भूमिका सर्वस्वी योग्यच. तथापि सहा वर्षे काम करीत असलेल्या प्रलेखन केंद्राचा, किंबहुना माहिती ही सार्वजनिक सेवा असते या कल्पनेचाच, त्यांत मागमूस नाही. प्रयोगशाळा राष्ट्राने बांधावयाच्या आणि तेथील ज्ञानाची वाट मात्र ज्याची त्याने शोधावयाची, अशी ही विषम वाटणी झाली.

तिचे परिणाम पुढे दिसले. १९७७ मध्ये ‘निस्सात’ ही राष्ट्रीय माहितीव्यवस्था योजनारूपाने सुरू झाली. तिची रचना फार विचारपूर्वक केलेली होती. रसायनविषयक माहितीचे केंद्र पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, चर्मोद्योगाचे मद्रासच्या चर्मसंशोधन संस्थेत, अन्नतंत्रज्ञानाचे म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेत; सारांश, ज्ञानाचा जाणकार जेथे, तेथेच माहितीचे भांडार. पुण्यातील ग्रंथालयांचे ‘पुणेनेट’ हे जाळेही याच व्यवस्थेच्या आश्रयाने उभे राहिले. पंचवीस वर्षांनी, २००२ मध्ये, निस्सात बंद झाली. योजना संपते, सेवा संपून चालत नाही. शास्त्रज्ञाची गरज योजनेच्या मुदतीबरोबर आटोपत नसते, एवढी साधी गोष्ट आमच्या अर्थसंकल्पाच्या मांडणीत बसत नाही. त्याच वर्षी इन्सडॉकही स्वतंत्र संस्था म्हणून उरली नाही. ती निस्केअरमध्ये विलीन झाली.

विद्यापीठांच्या बाजूचे चित्र तुलनेने समाधानकारक आहे. १९९१ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’च्या छत्राखाली प्रकल्प म्हणून आरंभलेले ‘इन्फ्लिबनेट’ १९९६ मध्ये स्वतंत्र केंद्र झाले आणि टिकले. ‘शोधगंगा’ या त्याच्या भांडारात पीएच.डी.चे प्रबंध सर्वांस खुले आहेत, त्यांत मराठी प्रबंधही आहेत. ज्यांनी एकेका प्रबंधासाठी परगावच्या विद्यापीठाचे उंबरठे झिजविले, त्यांना या सोयीचे मोल निराळे सांगावयास नको.

याच केंद्राकडे आता ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेच्या अंमलबजावणीचे काम आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशनसंस्था, सुमारे तेरा हजार नियतकालिके, सहा हजार तीनशेंहून अधिक शासकीय संस्था, असा तिचा व्याप आहे. तालुक्याच्या शासकीय महाविद्यालयातील अध्यापकास मोठ्या राष्ट्रीय संस्थेतील संशोधकाइतकेच वाचावयास मिळावे, या उद्दिष्टास कोणी विरोध करील असे वाटत नाही. प्रस्तुत लेखकही करीत नाही. पण दरसाल सरासरी दोन हजार कोटींचा हा खर्च ज्याच्या अभ्यासावाचून होऊ नये असे काही असेल, तर ते वापराचे आकडे होत. कोणत्या संस्थेत काय वाचले जाते, काय कधीच उघडले जात नाही, हे धोरणाच्या अभ्यासकास व करदात्यास खुले असले पाहिजे. शिवाय या नियतकालिकांतील कित्येक लेख आपल्याच शास्त्रज्ञांनी, आपल्याच सार्वजनिक पैशातून लिहिलेले असतात. २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या पाचव्या विज्ञानधोरणाच्या मसुद्यात सामाईक वर्गणीबरोबरच सार्वजनिक खर्चाने झालेल्या संशोधनाचे एक खुले राष्ट्रीय भांडारही सुचविले होते. त्यांतील खरेदीचा भाग तत्परतेने अमलात आला. संग्रहाचा भाग मागे पडला.

येथे मूळ दोष उघड होतो. इन्सडॉकने स्वीकारलेल्या दोन कर्तव्यांपैकी पहिले वाढले, दुसरे क्षीण झाले. उच्च शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून लावली जाते. तिच्यात संशोधनाचे मोजमाप होते ते ‘स्कोपस’ व ‘वेब ऑफ सायन्स’ या परदेशी व्यापारी सूच्यांवरून. आपल्या घरचे धान्य मोजावयास पायली मात्र शेजारच्या दुकानातली! या सूच्या काटेकोर आहेत, घरची सूची केल्यास तिच्यात गाळसाळ शिरेल, हा आक्षेप पोकळ नाही. ‘केअर’ यादीचा अनुभव तसाच आहे. पुण्याच्या विद्यापीठातील केंद्राच्या परिश्रमातून २०१९ मध्ये सिद्ध झालेली ती यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मोडीत काढली. परंतु ती यादी होती, सूची नव्हती. कोणत्या नियतकालिकात लिहावे एवढेच ती सांगत असे. त्यांत काय लिहिले गेले आहे, हे नाही. नोंद ठेवण्याऐवजी परवाने देत बसल्यावर बनावट नियतकालिकांचा उपद्रव वाढणे अपरिहार्य होते.

आणि हा प्रश्न केवळ विज्ञानशाखांचा नाही. कोकणातील जमिनींच्या वापराविषयी, दुष्काळी भागातील विहिरींविषयी, ऊसतोडणी कामगारांच्या स्थलांतराविषयी मराठीत झालेले अभ्यास विषयवार शोधून काढण्याचे विश्वसनीय साधन आज विद्यार्थ्यास उपलब्ध नाही. धोरणाचा मसुदा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते झालेलेच नसतात. नव्या संस्थेने इन्सडॉकचे दुसरे कर्तव्य पुन्हा उचलावयाचे ठरविले, तर प्रारंभ अशा प्रादेशिक भाषांतील नियतकालिकांच्या लेखसूचीपासून करता येईल; तिला सहा हजार कोटी लागणार नाहीत. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी आपापल्या पत्रिकांचे मागील अंक विषयवार लावून द्यावेत, एवढी तयारी आपल्या बाजूने आधी व्हावयास हवी.