साखळीला तेल का घालतात, आणि कोणते?

शालेय विज्ञानात घर्षणाचा धडा आला की सायकल येतेच. टायरच्या नक्षीमुळे रस्त्यावर पकड मिळते, ब्रेक घर्षणाने लागतो आणि साखळीला तेल घातले की घर्षण कमी होते. धड्याखाली ठरलेला प्रश्न असतो, 'सायकलच्या साखळीला तेल का घालतात?' उत्तर एका ओळीचे, गुण एक.

आमच्या माहितीतल्या एका शाळेत सहामाही परीक्षेत एका मुलाने या प्रश्नाचे उत्तर लिहिले, 'गंज चढू नये म्हणून.' ते चूक धरले गेले. "पण बाई, पावसाळ्यात आम्ही त्यासाठीच घालतो ना?" असे त्याने विचारलेही. बाईंच्या हातात नमुना उत्तर होते आणि त्यात गंज नव्हता. प्रकरण तिथेच मिटले. आमचा वाद मात्र तिथूनच सुरू होतो.

पुस्तकातले विधान चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप असा, की हे एक वाक्य पाठ झाले की विषय संपतो. कोणते तेल, नेमके कुठे आणि किती, हे प्रश्न कोणी विचारतच नाही. 'वंगण म्हणजे घर्षण कमी करणारा पदार्थ' एवढेच शिकलेल्या मुलाला ग्रीस, खोबरेल आणि गॅरेजमधले जळके ऑइल सारखेच वाटले, तर दोष त्याचा नाही.

आधी साखळी नीट पाहू. रोलर असलेल्या साखळीचे पेटंट हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडमध्ये १८८० साली घेतले. आपल्या साध्या सायकलची साखळी आजही त्याच घडणीची असते. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन, पिनेभोवती बारीक नळीसारखे बुश आणि बुशभोवती सैल फिरणारा रोलर. आपण तेल ओततो पट्ट्यांवर. खरी घासाघीस चालते पिन आणि बुश यांच्यामध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी.

ही घासाघीस किती होते, याचा हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८, साखळीत ११२ जोड आणि चाकाचा परीघ २.२ मीटर धरा. पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.९ मीटर पुढे जाते. शाळा तीन किलोमीटरवर असेल आणि वाटभर पायडल मारले, तर साखळीच्या जवळजवळ २२० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक जोड चार वेळा वळतो : दोन्ही चक्रांवर चढताना आणि उतरताना. म्हणजे शाळेत पोहोचेपर्यंत प्रत्येक पिन पावणेनऊशे वेळा आपल्या बुशमध्ये घासली गेली!

आता हे वळणे कसे असते ते पाहा. १८८३ साली ब्यूशॅम्प टॉवर यांनी रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. बेअरिंगच्या माथ्यावरच्या भोकात त्यांनी लाकडी खुंटी ठोकली, तर आतल्या तेलाच्या दाबाने ती बाहेर ढकलली गेली. वेगाने फिरणारा आस तेल आपल्याबरोबर ओढून घेतो आणि त्या तेलाच्या थरावर अक्षरशः तरंगतो. याचे गणित ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडले. वंगण दोन पृष्ठभागांना दूर ठेवते, हे पुस्तकातले चित्र अशा आसाचे आहे. साखळीची पिन मात्र गोल फिरतच नाही. १८ दात्यांच्या चक्रावर ती २० अंश वळते, थांबते आणि पुन्हा सरळ होते. तरंगवणारा थर तयार व्हायला तिला सवडच मिळत नाही. तिथे भिस्त असते ती धातूला चिकटून राहिलेल्या अतिशय पातळ लेपावर.

मग तेलाने फरक किती पडतो? १९९९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखळीची कार्यक्षमता मोजली. ती परिस्थितीनुसार ८१ ते ९८.६ टक्के भरली. साखळीवरचा ताण आणि चक्राचा आकार यांचा परिणाम ठळक होता, वंगण बदलल्याचा मात्र नगण्य. पुढे इतरांनी केलेल्या अधिक बारीक मोजमापांत वंगणांमध्ये काही वॅटचा फरक आढळला, तेव्हा स्पायसर यांचा शब्द अखेरचा नव्हे. पण त्यांचे प्रयोग स्वच्छ खोलीत झाले होते, आणि स्वच्छ खोलीतून कोणी शाळेत जात नाही. रस्त्यावर धूळ असते. वाळूचे कण पोलादापेक्षा कठीण. ते तेलात मिसळले की तयार होतो तो पॉलिश पेपरसारखा घासणारा लगदा. साखळीला खरा धोका आहे तो धूळ आणि पाणी यांचा.

या नजरेने नेहमीचे उमेदवार तपासू. ग्रीस जाड असल्याने पिनेपर्यंत पोहोचत नाही, बाहेर राहून धूळ मात्र गोळा करते. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली थिजते. जवसासारखी तेले हवेत वाळून चिकट होतात, म्हणूनच ती रंगात वापरतात. जळक्या ऑइलमध्ये काजळी आणि धातूचा कीस आधीच असतो, शिवाय ते कातडीलाही अपायकारक. रॉकेल मळ धुते, पण वंगण म्हणून टिकत नाही. शिलाई मशीनचे पातळ तेल आतपर्यंत झिरपते, मात्र पावसात लवकर धुऊन जाते. वितळवलेल्या मेणात बुडवलेली साखळी कोरडी राहते व धूळ धरत नाही, पण भिजत राहिली तर गंजापासून तिचे फारसे रक्षण होत नाही.

म्हणजे उत्तर गावाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलते. जुलैत सिंधुदुर्गात सायकल चालवणाऱ्या मुलीने थोडे दाट, पाण्याला टिकणारे तेल घ्यावे. एप्रिलमध्ये बीडच्या कच्च्या रस्त्यावरच्या मुलाने पातळ तेल घ्यावे. दोघांसाठी रीत एकच : आधी साखळी पुसावी, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा, पायडल उलटे फिरवून तेल आत जाऊ द्यावे आणि वरचे सगळे फडक्याने पुसून काढावे. रिम आणि ब्रेकच्या रबरांवर थेंबही जाऊ देऊ नये. साखळी संपूर्ण झाकणारे जुन्या सायकलींचे चेनकव्हर आठवते का? वंगण निवडण्याआधी धूळ बाहेर ठेवावी, हे शहाणपण त्यात होते.

वर्गात करण्याजोगे एक मोजमापही सुचवतो. साखळीच्या दोन शेजारच्या पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. टेपने २४ जोडांचे अंतर पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत, साखळी ताणून धरून मोजा. नव्या साखळीत ते ३०४.८ मिलिमीटर भरेल. सुमारे ३०८ भरले तर साखळी बदलायला झाली. लोक म्हणतात 'चेन ताणली', पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक जोड मिलिमीटरच्या जेमतेम आठव्या हिश्शाने झिजला आणि २४ ठिकाणची झीज एकत्र दिसली, इतकेच. वर्गातल्या सायकली मोजा, कोण काय तेल घालतो ते शेजारी लिहा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. मुलांची स्वतःची नोंदवही तयार होईल.

परीक्षेतला प्रश्न आम्ही असा बदलू : 'तुमच्या सायकलच्या साखळीला या महिन्यात कोणते तेल घालाल? कारणे द्या.' याला नमुना उत्तर तयार करता येणार नाही, तपासताना वेळही जास्त लागेल, हे मान्य. पण या प्रश्नाला 'गंज चढू नये म्हणून' असे कारण देणाऱ्या मुलाचा गुण कापता येणार नाही. तो पावसात भिजत शाळेत येतो, आणि त्याची साखळी त्याने पाहिलेली आहे.